चव न बघता केलेली खीर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली खीर केली, आणि तिची चव बघायला मला बंदी होती.

खीर तांदळाची होती, म्हणजे पितृपक्षातली. शेवयांची खीर आमच्याकडे कधीही होते, तांदळाची मात्र वर्षातून एकदाच, बाबांच्या तिथीला. नैवेद्य दाखवल्याशिवाय तिचा थेंबही जिभेला लावायचा नाही. आई ती दर वर्षी अशीच करत आली. बोरीवलीच्या या घरात आम्ही दोघीच राहतो, आणि स्वयंपाकघर पहिल्यापासून तिचं. माझ्याकडे लाइट बिल, सोसायटीच्या मीटिंगा आणि प्लंबरशी भांडणं. भांडणं मला छान जमतात.

यंदा तिथीच्या दोन दिवस आधी आई म्हणाली, "खीर तू कर."

"मी? का?"

"गुडघे," ती म्हणाली आणि विषय संपवला.

मला ते खरं वाटलं. थोडं बरंही वाटलं, कारण गेल्या वर्षीची खीर खारट झाली होती. आमच्याकडे खिरीत चिमूटभर मीठ घालतात. ते बहुधा विसरून तीन-चारदा पडलं होतं. काका-काकू जेवायला होते. पहिल्या घासाला काकूने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे, आणि काकांनी पाण्याच्या भांड्याकडे. बोललं कुणीच नाही. आई मात्र वाटी निपटून खात होती. मला वाटलं, चूक झाकायला खातेय. मग आम्हीही खाल्ली. बाबांच्या दिवशी तिला कशाला दुखवा, एवढाच विचार होता. उरलेली तिने रीतीप्रमाणे समोरच्या गुजराती मावशींना वाटीभर दिली. या पंधरवड्यात त्यांच्याकडे दूधपाक होतो, आमच्याकडे खीर, आणि दोन दारांमध्ये वाट्यांची ये-जा चालू असते.

तर यंदा मी ओट्यापाशी आणि आई दारात खुर्चीवर, वेलची सोलत.

"दूध किती आटवू?"

"आटेल तेवढं."

"आणि साखर?"

"अंदाजाने."

माझं डोकं फिरलं. "आई, अंदाज तुझ्याकडे आहे. मला नीट माप दे ना."

तिने हाताचा खोलगट पसा करून दाखवला. त्या बेताने मी वाटीभर साखर काढून ओट्यावर ठेवली. आंबेमोहोर तांदूळ तुपावर परतून भरड काढले होते, ते दुधात सोडले. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, दोन मिनिटं माझ्या हातातला डाव थांबला, आणि खीर खाली लागली. करपल्याचा वास मला चटकन आला. दोन हातांवर बसलेल्या आईने मान वर केली नाही. वाचले, असं मी मनात म्हटलं.

"आई, फोटोला हार घालून ये ना," असं सांगून मी तिला बाहेर पाठवलं. तळ न खरवडता वरची खीर दुसऱ्या पातेल्यात ओतली, जळकं पातेलं सिंकमध्ये पाणी घालून लपवलं, वेलची-जायफळ जरा सढळ हातानेच घातलं. ती परत आली तेव्हा मी अगदी सराईतासारखी ढवळत होते.

नैवेद्य झाला. गच्चीवर पान ठेवलं, कावळा आला, आम्ही जेवायला बसलो. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून यंदा आम्ही दोघीच. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि मी तिच्याकडे बघत बसले. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी रांधलं होतं. तिने बरं म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"छान झालीय गं," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी."

मला एवढा आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. मग मी खाल्ली.

खिरीत साखर नव्हती. कमी वगैरे नाही, अजिबात नव्हती. मी ओट्याकडे बघितलं. साखरेची वाटी होती तिथेच होती, काठोकाठ भरलेली.

माझ्या मनात आधी आलं, गेल्या वर्षी आम्ही जे केलं तेच ती आता करतेय, मला सांभाळून घेतेय. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चमचा हवेत थांबला होता.

"काय विसरलीस?"

"काही नाही."

"गेल्या वर्षीही तुझं तोंड असंच झालं होतं," आई म्हणाली. "तेव्हा काय चुकलं ते मला दोन दिवस कळलं नाही. समोरच्यांना वाटी दिली, तर दारातूनच म्हणाल्या, मीठुं बहु छे."

गुजरातीत मीठुं म्हणजे गोडही होतं आणि मीठही होतं.

"आता साखर जास्त झाली म्हणतायत की मीठ? दुसरं कुणी चाखून बघितलं असतं. मी उरलेली खीर चारदा खाल्ली. मला काहीच कळेना. शेवटी त्यांच्याकडे जाऊन विचारलं."

मग तिने सगळं सांगितलं. तिला ताप आला होता, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तिला ना वास येत होता, ना चव कळत होती. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आली नाही. दीड वर्ष ती रोजची आमटी नुसत्या हाताच्या सवयीने करत होती, आणि मी समोर बसून मोबाइलवर बोट फिरवत "मस्त" म्हणत होते. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढलाच.

"तू सांगितलंस? खारट आहे म्हणून?"

सगळ्या सोसायटीशी भांडणारी मी, आईला एवढंसं सांगू शकले नव्हते. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिघांनी वाट्या रिकाम्या केल्या, आणि तिला शेजारणीच्या दारात जाऊन स्वतःच्या खिरीची चव विचारावी लागली. मला रडू आलं.

"रडतेस काय? साखर ना?" आईने ओट्याकडे बघून ओळखलंच. मग फोटोकडे बघून हसली. "शेवटची दहा वर्षं मधुमेहात गेली यांची. यंदा पथ्याची खीर मिळाली."

ती उठली. पातेलं मंद गॅसवर ठेवलं, वाटीतली दोन चमचे साखर घातली, ढवळलं आणि चमचा माझ्यापुढे धरला. नैवेद्य झाला होता, आता चाखायला हरकत नव्हती.

"खरं सांग."

मी मान हलवली.

"मान नको हलवू. चाख आणि तोंडाने बोल."

"कमी आहे."

तिने आणखी घातली. पातेल्याकडे ती बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. "आता?"

"अजून एक चमचा. आणि आई, थोडी करपलीय."

"हे बघ, आत्ता खरं बोललीस." तिने चमचाभर घातली, ढवळलं, पुन्हा माझ्यापुढे धरलं. "आता?"

मी नीट चाखली, घाई न करता. "आता बरोबर आहे."

आईने आपली वाटी पुढे केली. "मग वाढ मला."