मेलेलं पान

देगलूरच्या बसस्थानकासमोर जिलानीची पानटपरी आहे. तीस वर्षांत त्याने शिळं पान कुणाच्या हातावर ठेवलं नाही, आणि विनोद करताना चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू दिली नाही. कुणी विचारावं, “चाचा, नांदेडची गाडी कितीला?” की हा सुपारी कातरत म्हणणार, “पाटीवर साडेनऊ लिहिलंय. गाडीला वाचता येत न्हाई.”

गावातली समीक्षा लातूरला इंग्रजी शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने हे बोलणं मोबाइलवर टिपलं आणि गावभर पाठवलं. वर इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘डेडपॅन जिलानी चाचा’. आपण मोबाइलवर मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच बडवतो. पॅनचं पान व्हायला कितीसा वेळ! शेजारच्या चहावाल्या आप्पासाहेबांनी मोठ्याने वाचलं, “डेड पान! डेड म्हंजे मेलेलं. जिलानी, पोरगी तुझं पान मेलेलं म्हणून राहिली की रं!”

झालं. जिलानीच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दहादा तो करंडी उपसायचा, एकेक पान उजेडात धरायचा, हिरवीगार पानंसुद्धा संशयाने फेकून द्यायचा. आणि लोक तरी कसले! वर्षानुवर्षं याच्या पानाने ओठ रंगवलेले, आता तेच विडा उलगडून बघायला लागले. जिलानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी समीक्षा टपरीवर आली, तसं त्याने विचारलं, “बेटा, माझ्या पानात तुला काय मेलेलं दिसलं?”

समीक्षा गोरीमोरी झाली. “चाचा, पान न्हाई, पॅन! अमेरिकेतल्या नाटकवाल्यांच्या जुन्या बोलीत पॅन म्हंजे थोबाड. दुसऱ्याला हसवायचं आन् आपलं तोंड मेल्यासारखं ढिम्म ठेवायचं, ते डेडपॅन. मी तर तारीफ केली तुमची!”

“म्हंजे पान जित्तं हाय, माणूस मेला,” जिलानी म्हणाला. आप्पासाहेबांच्या हातातला चहा हसता हसता सांडला. दुपारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या स्टँडवर झाली आणि गिऱ्हाईक पहिल्यासारखं न बघता पान तोंडात टाकू लागलं.

घोर मात्र गेला नाही. पानावरून उठला आणि तोंडावर येऊन बसला. जेवताना त्याने बायकोला विचारलं, “साबेरा, सच बोल. मेरा मूँ मरेला है क्या?”

साबेरा हातातला घास ताटात टाकून हसत सुटली. डोळ्यांना पदर लावायची वेळ आली तिच्यावर.

“अगे, मैं सच्ची पूछ रौं,” तो कळवळून म्हणाला.

ती आणखीच हसली.