आर्गॉनची साक्ष

सरांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा अजून माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे. पुसायचीही किळस येते.

सिलिकॉनच्या मूठभर अणूंच्या पुंजक्यात धातूचा एक अणू मिसळला, तर तो पुंजक्याच्या बाहेर राहिला की आत गेला, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्यावर आर्गॉन वायू सोडतात. धातू बाहेर असेल तर आर्गॉन त्याला चिकटतो. सिलिकॉनच्या पिंजऱ्यात कोंडला गेला असेल तर चिकटत नाही. काल, जिथे पिंजरा मिटलेला असायला हवा होता, तिथेच आलेखावर आर्गॉनचं बारीक टोक उभं राहिलं.

सरांनी त्यावर अंगठा दाबला. "हा कचरा काढून टाक. पिंजरा बंद आहे असं पेपरात लिहून झालंय."

"सर, तीनदा मोजलंय."

"मग चौथ्यांदा मोजू नकोस," म्हणत ते हसले. मीही हसले, आणि टोक पुसलं.

ते माझं हसू खवट शेंगदाण्यासारखं अजून तोंडात आहे. ठशाखाली आता सपाट रेघ आहे. आर्गॉन तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी जे होतं त्याला तो क्षणभर चिकटून राहिला. मी तर तीनदा पाहिलं होतं.