चाचींच्या पसंतीचा स्पीकर

जगात काळजी वाटायला काढली तेव्हा आमचे आर्णीचे घरमालक रांगेत दोनदा उभे राहिले असावेत, आणि दुसऱ्या खेपेला आपला नंबर लागेपर्यंत ती संपणार तर नाही ना, याचीही काळजी त्यांनी केली असावी. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो, तेव्हा गाव, जात, लग्न असं इतर घरमालक विचारतात त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. झोपेत चालायची सवय आहे का, एवढंच विचारलं, कारण जिन्याला कठडा नव्हता. नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. माणसाला स्वतःची झोप दिसते थोडीच. मी राहायला येईपर्यंत त्यांनी लोखंडी कठडा बसवून घेतला, आणि मग मी त्याला टेकून उभा राहीन या विचाराने त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. बाहेर पडताना कुलूप लावून ते चौकापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि एवढं ओढल्याने ते ढिलं झालं असेल म्हणून पुन्हा परत येत. पुसदला जायचं तर एक गाडी आधी स्टँडवर हजर. ती आधीची गाडी समोर रिकामी उभी असली तरी तिच्यात बसत नसत, कारण आपण ठरवलेली गाडी ही नव्हे. धंदा पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचा. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. पण मोटार गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली की लेक सासरी पाठवल्यासारखे ते अस्वस्थ होत आणि सायकल काढून तिची खुशाली विचारायला थेट शेतावर जात. शेतकऱ्याला वाटे, मोटारीत काही खोट राहिली असणार, आणि मग तोही काळजीत पडे.

ती वर्षंच काळजीची होती. कापसाला भाव नव्हता आणि पुढच्या आठवड्यात येईल असं ज्याला त्याला वाटत होतं, म्हणून घरोघरी कापूस आत आणि माणसं ओसरीत अशी स्थिती होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. वर्गातला एखादा खेड्यावरचा पोरगा चार दिवस आला नाही की आम्ही शिक्षक त्याच्या बापाची खुशाली विचारत फिरायचो. घरमालकांच्या बायकोला मी चाची म्हणायचो. त्यांच्या भावाचा, म्हणजे घरमालकांच्या मेव्हण्याचा कापूस घाटंजीकडून येऊन यांच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. कापूस पेट घेतो ही गोष्ट वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण घरमालकांना ती दिवसातून अनेकदा नव्याने आठवे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा स्टोव्ह जप्त केला. त्याची भरपाई म्हणून दोन्ही वेळचा चहा खाली त्यांच्याकडे घ्यावा असं ठरलं, आणि अशा रीतीने मी त्या घरातला झालो.

या माणसाला गिटार वाजवता येत असेल असं कोणाला सांगून पटलं नसतं. लग्नसराईत ते एका ऑर्केस्ट्रात वाजवत. तरुणपणी त्यांनी गिटारसाठी स्वतःच ॲम्प्लिफायर जोडला होता आणि सुताराकडून सागवानी बॉक्स करून घेऊन त्यात दोन बारा इंची स्पीकर बसवले होते. कार्यक्रमाला जाताना त्या बॉक्सवर रजई, रजईवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर ते स्वतः बसत. त्या काळात लग्नं पुढे ढकलली जात होती आणि जी होत ती चहा-पोह्यांवर उरकत, त्यामुळे ऑर्केस्ट्राला बोलावणं जवळजवळ बंद झालं होतं. पण घरमालकांचा खरा कार्यक्रम रोज संध्याकाळी घरातच होई, आणि त्याला श्रोता एकच. चाचींच्या कानांची नस सुकत चालली होती. बारीक आवाज आधी गेले, कपबशीचा, बांगड्यांचा, पाखरांचा. मग माणसांचं बोलणं पुसट झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, तर ते लावल्यावर जग म्हणजे भांड्यांचं दुकान झालंय असं म्हणून चाचींनी ते डब्यात ठेवून दिलं. गिटारच्या जाड तारांचा आवाज मात्र त्यांना अजून येई. बॉक्सजवळ चटई टाकून, लाकडाला तळवा लावून, डोळे मिटून त्या बसत. घरमालक वाजवत, आणि तेवढा वेळ कुलूप, कठडा, कापूस सगळं जागच्या जागी राही.

अशात एका लग्नात जनरेटरने उसळी मारली आणि दोन्ही स्पीकर एकदम फाटले. आर्णीच्या एका कारागिराने कागदी पडदे चिकटवून दिले, पण गिटारचा घसा बसला तो बसलाच. चाचींनी तळवा लावला आणि उठून भाकरी टाकायला गेल्या. त्या संध्याकाळी घरमालक माझ्या खोलीत आले. कठडा हलवून न तपासता आले, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"सर, अजून तिले थोडं ऐकू येते," ते म्हणाले. "तवरच स्पीकर निवडा लागते. उद्या कायच नाही ऐकू आलं, तं आवाज बरोबर हाय का नाही हे मी कोणाले विचारू?"

त्या दिवसापासून ती काळजी मलाही चिकटली. चहा पिताना मी चोरून चाचींकडे बघायचो आणि कालपेक्षा आज कमी ऐकू येतंय का याचा अंदाज घ्यायचो.

मग आम्ही यवतमाळपासून पुसदपर्यंत दुकानं पालथी घातली. मला साक्षीदार म्हणून सोबत नेत. दुकानदाराने स्पीकर पुढे ठेवला की घरमालक खिशातून टॉर्चचा सेल काढत, बिस्मिल्ला म्हणत आणि मागच्या दोन पट्ट्यांना सेल टेकवत. स्पीकरचा कागद पुढे सरकला तर सेलचं वरचं टोक लागलेल्या पट्टीवर लाल खूण करायची. दोन स्पीकरमध्ये एक उलटा जोडला गेला तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि आवाज दोघांच्या भांडणात मरतो, हे त्यांनी मला समजावलं. ते तपासायला सेल एकदा टेकवला तरी पुरतो. हे पुन्हा पुन्हा टेकवत, कारण सेलच उलटा धरला असेल तर? दुकानदार आधी हसत, मग पंख्याखाली जाऊन बसत. यवतमाळच्या एकाने मिरवणुकीच्या बॉक्सांत घालतात तसले दांडगे स्पीकर काढले आणि यांनी अख्खं गाव हलतं असं सांगितलं. घरमालक घाबरले. त्यांना गाव हलवायचं नव्हतं. असला दांडगा स्पीकर जोरात ओरडतो, पण हळू बोलायला लावा, तो तोंड उघडत नाही, असं त्यांचं मत. तरीही दुकानदाराने घरी वाजवून बघा म्हटल्यावर ते नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हटलं आणि नेमका हाच चांगला निघाला असता तर?

स्पीकर घरी आले. चाची डोक्यावरून पदर घेऊन अशा बसल्या की जणू मुलगी बघायला पाहुणे आलेत. लोडशेडिंगमुळे वीज येईपर्यंत आम्ही तिघंही त्या नव्या मंडळींकडे बघत बसून राहिलो. वीज आली, घरमालकांनी तारा छेडल्या. चाचींनी तळवा लावला, हात जरा वर सरकवला, खाली आणला आणि डोळे उघडले.

"हे गल्लीत वाजून राह्यलं," त्या म्हणाल्या. चाची घाटंजीकडच्या खेड्यात वाढलेल्या, त्यांच्या वऱ्हाडीत आडपडदा नसे.

स्पीकर परत गेले. पुसदला एका जुन्या रेडिओवाल्याकडे दुसरी जोडी मिळाली, कमी ताकदीची, पातळ कागदाची. घरमालकांनी ती मांडीवर घेऊन एसटीतून आणली आणि शेजारच्या माणसाला खोकला येताच तोंड दुसरीकडे करायला लावलं, कारण कागद दमट होतो. जोडी बसवायच्या आधी त्यांनी बॉक्स आतून साफ करायला काढला. आवाज आत घुमू नये म्हणून बॉक्समध्ये रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भरलेली असते. जुनी रुई उंदरांनी कुरतडली होती. पिंजाऱ्याकडून आणावी, तर ती कोणाच्या तरी जुन्या गादीची निघेल आणि त्या माणसाला काय आजार असेल सांगता येत नाही. घरात शुद्ध कापूस आढ्याला टेकलेला. तोच घेतला आणि मेव्हण्याची परवानगी मागून, दुपारभर बसून हाताने सरकी काढून, रुई करून बॉक्समध्ये भरली.

स्पीकर बसले, तारा छेडल्या, आणि जाड तारेबरोबर आतून खर्रर्र असा आवाज आला. घरमालकांचा चेहरा पडला. कोणत्या स्पीकरचा कागद हलक्या हाताने चिकटवलाय ते शोधायला त्यांनी एकेक काढून वाजवला, तर बाहेर दोघेही साधुसंत. आत बसवले की खर्रर्र. पुन्हा पुसद. रेडिओवाला भला माणूस, त्याने तसलीच दुसरी जोडी दिली. तीही आत गेली आणि खर्रर्र करू लागली. आता घरमालकांना झोप येईना. विजेत दोष असेल, भिंतीत असेल, त्यांच्या बोटांत असेल, आणि एकदा तर त्यांनी मला विचारलं की पृथ्वीच्या पोटात काही हालचाल चालू आहे का. इकडे चाचींना मी दोनदा हाक मारली आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते आम्ही दोघांनीही पाहिलं. हा माणूस आतापर्यंत उगाच काळजी करतो म्हणून आम्ही हसत आलो होतो. या एका बाबतीत मात्र तो उगाच करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाची स्वतःच बॉक्सजवळ येऊन बसल्या आणि वाजवा म्हणून खूण केली. आम्हा दोघांना कानाने सगळीकडून खरखर येत होती. त्यांनी एकेका फळीवर तळवा ठेवून पाहिला, आणि मागच्या फळीवर खालच्या कोपऱ्यात बोट टेकवून थांबल्या.

"इथं काहीतरी नाचते."

मागची फळी उघडली. चाचींनी कोपऱ्यातल्या रुईत हात घातला आणि मूठ आमच्यापुढे उघडली. तळव्यावर सरकी होती, चांगली पसाभर, आणि सोबत वाळक्या पानांचा चुरा. बॉक्स हादरला की ती फळीवर नाचे. कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाने बॉक्समध्ये सरकीसकट कापूस भरावा, ही गोष्ट बाहेर कळली असती तर घरमालकांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण ती झाली कशी हे चाचींना कोणी सांगायची गरज नव्हती. सरकी काढता काढता हे उठत, कुलूप पाहून येत, कापसाजवळ कोणी विडी ओढत नाही ना ते पाहून येत, आणि परत बसताना कधी निवडलेल्या ढिगाशी बसत, कधी न निवडलेल्या. दोन्ही ढीग एकाच बॉक्समध्ये गेले होते.

चाची इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. मग त्यांनी सगळा कापूस चटईवर ओतला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. घरमालकांना उठायची मनाई झाली. एकदा ते कुलूप म्हणाले, तर चाचींनी ते ऐकलं नाही, की न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. सरकी एका परातीत, रुई मांडीत, असे आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो होतो. आमच्यामागे तो आढ्यापर्यंतचा कापूस भावाची वाट बघत उभा होता आणि आम्ही त्यातल्या ओंजळभराची सरकी काढत होतो. तरी त्या दुपारी घरात फार हलकं वाटत होतं, हे मला लख्ख आठवतं.

वीज आली तेव्हा फळी बसली होती. घरमालकांनी जाड तार छेडली. चाचींनी तळवा लावला, डोळे मिटले. मग मान हलवून म्हणाल्या, "हां. आता घरात वाजून राह्यलं."

दुसरा कोणी असता तर सुटला असता. घरमालकांनी जिन्यात मला गाठून हळूच विचारलं की, ती मनापासून बोलली, का माह्यं मन राखायले? मी 'मनापासूनच' असं सांगितलं. मला तरी काय माहीत होतं.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी एका लग्नासाठी आर्णीला गेलो, तेव्हा मुद्दाम घरी गेलो. पुढची खोली रिकामी होती, माडीचा कठडा तसाच, आणि घरमालकांनी आल्या आल्या माझ्या मोटारसायकलचं हँडल लॉक लावलंय ना याची चौकशी केली. चाची थकल्या होत्या. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने विचारलेली खुशाली त्यांनी माझ्या ओठांवरून वाचली आणि चहा ठेवला. संध्याकाळ झाल्यावर बॉक्सजवळ चटई पडली. त्या शेजारी बसल्या, तळवा लाकडाला लावला, डोळे मिटले. घरमालक वाजवू लागले. बोटं जरा जड झाली होती, पण आवाज तोच होता. थोड्या वेळाने ते वाजवता वाजवता माझ्याकडे वाकले. चाचींना ऐकू जायची भीती नव्हती, तरी आवाज दबकाच होता.

"मान डोलवते, सर. पण तिले खरंच समजते का, का माह्यं मन राखते?" एवढं बोलून त्यांनी तारांवर हात ठेवला. गाणं अर्ध्यावर थांबलं. ते चाचींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि मीही.

चाचींनी डोळे उघडले नाहीत. तळवाही हलवला नाही.

"काहून थांबले?" त्या म्हणाल्या.

घरमालकांनी घाईघाईने गिटार सावरली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाजवायला लागले.