पिंप मागे राहिलं

शर्यत कांजूरमार्गला रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायची होती, आणि मी मान खाली घालून थेट घाटकोपरला गेलो.

झालं असं. एका कारखान्याला आपल्या सायकल टीमसाठी एक पोरगा हवा होता. निवडला जाईल त्याला पर्मनंट नोकरी. मुलुंड नाक्यावरून एकेकाला मिनिटामिनिटाने सोडणार, हायवेवर ज्याने त्याने एकट्याने घड्याळाशी झुंजायचं, सगळ्यात कमी वेळ लागेल तो आत. गिरणी बंद पडल्यापासून बाबा भांडुपहून मरोळला वॉचमनच्या ड्युटीवर सायकल मारत जात होते. मला नोकरी लागली की ते ड्युटी सोडणार, हे घरात ठरून गेलं होतं.

आता शहाण्या माणसाने महिनाभर रोज सायकल चालवली असती. मी रद्दीच्या दुकानात गेलो. तिथे एका परदेशी मासिकात फोटो सापडला: सायकलवाला पार आडवा झालेला, हँडल बैलाच्या शिंगांसारखं पुढे आलेलं, डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. माझी खात्री पटली. खरा दुश्मन वारा. पाय काय, सगळ्यांनाच असतात.

सायकल घरात एकच, बाबांची. गॅरेजवाल्या मित्राने तिचं हँडल कापून, उलटं फिरवून, खाली बसवून दिलं. ब्रेकचे दांडे त्या हँडललाच जोडलेले, त्यामुळे तेही गेले. मित्र म्हणाला, थांबणार कसा? मी म्हणालो, शर्यतीत थांबतंय कोण.

ड्युटीवर जाणाऱ्या माणसाला मात्र थांबावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंधरा दिवस बाबा त्याच सायकलवरून, छाती दांड्याला टेकवून, मरोळला गेले. पवईच्या उतारावर चप्पल पुढच्या चाकावर दाबून वेग आवरायचे. उजव्या चपलेला आरपार भोक पडलं. रात्री आई त्यांची कंबर शेकायची आणि मी शेजारी बसून समजावायचो, की बाबा, सवय होईल, परदेशात सगळे असेच बसतात. सकाळी ते पुन्हा त्याच सायकलवर आडवे व्हायचे. पोराची नोकरी होती ना.

हेल्मेट मी गेल्या गणपतीच्या मखराच्या थर्माकोलचं केलं. मागे हातभर शेपूट, त्यावर सोनेरी कागद तसाच. बनियन आईने मशीनवर इतकं आवळून दिलं की श्वास सोडता यायचा, घ्यायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी नाक्यावर बाकीच्या पोरांनी मला पाहिलं. गणपती गेला आणि मखर निघालंय, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या पुढे सोडलेला दूध टाकणारा भय्या तर कॅरियर, स्टँड, घंटी, सगळं लावून ताठ बसून गेला. वाऱ्याच्या तोंडात छाती देऊन. मला त्याची कीव आली.

मी निघालो. मान खाली, नाक पुढच्या चाकावर. मान खाली गेली की हेल्मेटचं शेपूट आकाशाकडे उभं राहतं आणि वारा त्यातच भरतो, हे फोटोत दिसलं नव्हतं. तरी मी रेटत होतो. एका ठिकाणी शिट्टी वाजली, कुणीतरी ओरडलं, लाल काहीतरी हललं. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी वेग वाढवला. पुढे कितीतरी वेळ मला कुणीच गाठलं नाही. आपण सगळ्यांना मागे टाकलं, अशी माझी खात्रीच झाली. डोळ्यांत पाणी आलं. बाबांची ड्युटी सुटली, असं मनात म्हटलंसुद्धा.

घाटकोपरच्या सिग्नलला हवालदाराने आडवा हात केला. ब्रेक नव्हताच, मी त्याच्या पोटावर थांबलो. त्याने शांतपणे विचारलं, नाटक कुठे आहे? मी म्हणालो, कांजूरमार्गचं पिंप. त्याने मागे बोट दाखवलं.

परत पोचलो तेव्हा टेबल-खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. नोकरी दूधवाल्याला मिळाली होती. मी कारखान्याच्या साहेबांना माझा टायमिंग विचारला. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. कंपनीला फक्त जाणारा नाही, परत येणारा माणूस लागतो, एवढं म्हणून ते टेम्पोत बसले.

घरी बाबा उंबऱ्यावर बसून त्या उजव्या चपलेला टायरचा तुकडा ठोकत होते. मी सगळं सांगितलं. खोटं बोलायलाही दम उरला नव्हता. त्यांनी शेवटचा खिळा ठोकला, चप्पल माझ्याकडे सरकवली आणि आपल्या मालवणीत म्हणाले, "सायकल आता तुझ्याच मापाची झाली. उद्यापासून माझ्या ड्युटीर तूच जा. आणि परत वळूचा खंय, ता वाटेत कोणाक तरी इचार."