पाय पेटीत दिसतात

आमच्या खोलीतला एक माणूस सिनेमात मेला, असं मी सांगायला लागलो की ऐकणारे लगेच चेहरा पाडतात. पाडू नका. माणूस ठणठणीत आहे. सध्या त्याच्या वाटणीचं काम मी करतोय आणि रोज त्याच्या नावाने बोटं मोडतोय, एवढंच.

त्याला आम्ही कडक म्हणायचो. आम्ही सगळे परमुलखात, एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत कामाला. वर पाहुणे झोपणार आणि खाली आम्ही त्यांच्या झोपेच्या सुरकुत्या काढणार, असा धंदा. मी धुलाईच्या मशीनवर, कडक रोलरवर. रोलर म्हणजे माणसाहून लांब असं तापलेलं लाटणं. इकडून ओली चादर सरकवायची, तिकडून ती कोरी करकरीत बाहेर येते. चालवतात सगळेच, पण कडकला सुरकुतीचं वावडं होतं. बनियनला इस्त्री करून घालणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. कपडे कडक आणि खिशात कायम कडकी, म्हणून नाव दोन्ही अंगांनी फिट बसलं.

त्याच्याकडे पाहण्यासारखी आणखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उजवा पाय. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या डोक्यावर चढून बसलेलं, पोर बापाच्या खांद्यावर बसतं तसं. खालच्या खाटेवर मी आणि वरच्या खाटेवर तो, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्या बोटाचं व्हायचं. मी कुरकुर केली की तो म्हणायचा, लहानपणी आईने फडकी बांधून बांधून पाहिली, पण ते काही खाली उतरलं नाही.

बाप लवकर गेलेला, हा घरात थोरला, पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. पुढचं तुम्हीच ओळखा. बहिणीचं लग्न ह्याने लावून दिलं आणि फोनवर पाहिलं. भावाला दुकान टाकून दिलं, त्या दुकानाची पायरी चढला नाही. घरावर नवं छप्पर घातलं, त्याखाली एक रात्र झोपला नाही. स्वतःचं लग्न राहूनच गेलं, कारण लग्नाला नवरा हजर लागतो.

ह्या सगळ्याला लोक त्याग म्हणतात. मी त्या शब्दाला बिचकून असतो. त्याग हे तंबाखूसारखं व्यसन आहे. आधी गरज पडते म्हणून, मग सुटत नाही म्हणून. बहिणीचं झालं, भावाचं झालं, तेव्हा भाऊच म्हणाला, दादा, आता पुरे, ये घरी. तर ह्याने वरचा मजला काढला. मजला झाला, तर म्हणे त्याला जिना नको का. खरी गोष्ट त्याने मला एकदा दात घासता घासता सांगितली. घरी जायची त्याला भीती वाटायची. म्हणाला, 'मी नसण्याची तिथे सगळ्यांना सवय झालीय. असलो तर मला कुठे ठेवायचं, हे त्यांना सुचायचं नाही.' मग चूळ भरून रोलरवर गेला.

सुट्टीच्या दिवशी तो आईला फोन लावायचा. फोन स्पीकरवर, कारण हातांनी आठवड्याच्या कपड्यांच्या घड्या चालू असायच्या. त्यामुळे ते बोलणं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. जेवलास का, पाय दुखतात का, थंडी आहे का, आणि सगळ्यात शेवटी, 'बरं, येतोस कधी?' हा म्हणायचा, 'पुढल्या वर्षी.' पुढे पुढे अख्खी खोली एका सुरात 'पुढल्या वर्षी' म्हणायला लागली. पलीकडे म्हातारी हसायची. ती हसतेय म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

अशा आमच्या सुखी संसारात सिनेमावाले आले. उतरले वरच्या मजल्यांवर आणि सिनेमा काढत होते खालच्यांवर. घरच्यांसाठी परमुलखात झिजणारे कामगार, असा विषय. दिग्दर्शक एक दिवस तळघरात आला आणि आम्हाला बघून त्याचे डोळे भरून आले. निम्मे ब्लीचमुळे असणार. मग त्याला आमची खोली बघायची होती. ती बघून मात्र बिचाऱ्याची निराशा झाली. पाहुणा येणार म्हणून आम्ही फरशी पुसून काढलेली, आणि चादरी म्हणाल तर त्याच्या खोलीतल्यांपेक्षा आमच्या खाटांवरच्या सरळ. शेवटी त्याने माणसं लावून भिंतींवर चहाचं पाणी मारलं, पडदा उतरवला, कुठूनसा तडकलेला आरसा आणून टांगला. आम्ही दारात उभे राहून बघत होतो. आम्हाला साधं गरीबसुद्धा नीट दिसता येत नव्हतं.

सिनेमातला कामगार म्हणून एक मोठा नट आणला होता. त्याच्या हातांना घट्टे रंगवायला एक वेगळी बाई होती. गोष्टीच्या शेवटी हा कामगार राबून राबून मरतो आणि पेटीतून घरी जातो. पण पेटीचा दिवस आला तेव्हा नटाने साफ नकार दिला. त्याच्या आईने शपथ घातली होती म्हणे, पडद्यावरसुद्धा मरायचं नाही, मला बघवणार नाही. दिग्दर्शकाला ते लगेच पटलं. आईचं काळीज, असं काहीतरी तो म्हणाला. मग नटाच्या उंचीचा दुसरा कोण, म्हणून आमच्या रांगेवर नजर फिरली आणि कडकला पुढे बोलावलं. अहो, ह्यालाही आई आहे, असं मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसवायलाच म्हटलं होतं.

काम सोपं होतं. पेटीत पडायचं, तोंडावरून चादर, पाय तेवढे उघडे, आणि छाती हलू द्यायची नाही. सगळी तयारी झाली, रडणाऱ्या बायांनी रडायला सुरुवात केली, आणि मयत उठून बसलं. चादरीला मधोमध सुरकुती होती. चादर आमच्याच लॉन्ड्रीतली, कुणीतरी घाईत घडी घातलेली. हे पांघरून मी मरणार नाही, म्हणाला. दिग्दर्शकाने समजावलं, कॅमेऱ्यात दिसणार नाही. हा म्हणाला, मला दिसतेय ना. अखेर इस्त्री मागवली. मयताने स्वतःची चादर स्वतः इस्त्री केली, परत पेटीत जाऊन झोपला आणि एका दमात मरून दाखवलं. टाळ्या पडल्या.

त्या सुट्टीला त्याने आईला सांगून टाकलं की मी सिनेमात आहे. तिने विचारलं, काम केवढं आहे? तर उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणाला, सगळी गोष्ट माझ्यावरच येऊन संपते. ह्यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा.

यथावकाश सिनेमा लागला. आम्हाला कंपनीने जेवणाच्या हॉलमध्ये पडदा बांधून दाखवला. आम्ही रडू अशी अपेक्षा होती; कोपऱ्यात कागदी रुमालांचे डबे मांडले होते. पण नट फोनवर हुंदके देत घरी बोलायला लागला आणि आमची हसून मुरकुंडी वळली. आमच्यापैकी कुणी असे हुंदके दिले असते तर पलीकडून आवाज आला असता, लाइन खराब आहे, ठेव. पुढे तो चंद्राकडे बघत कोरडा पाव खातो. तळघरातून चंद्र दिसतो ही आम्हाला बातमीच होती. आणि पेटी आली तेव्हा तर आम्ही शिट्ट्या मारल्या. पडद्यावर ते बोट हाताएवढं झालं होतं. कडक जागेवर उभा राहिला, सगळ्या दिशांना मान लववली आणि बसला. कागदी रुमाल आम्ही खोलीवर घेऊन आलो, पुष्कळ दिवस पुरले.

तिकडे घरी काय झालं ते भावाने नंतर सांगितलं. आई गल्लीतल्या बायकांना जमवून थिएटरात गेली होती, पोराचं काम दाखवायला. सिनेमाभर सगळ्याजणी कडकला शोधत होत्या. दारावर उभा आहे तो का? नाही. मागे गर्दीत दिसला तो? तोही नाही. एक शेजारीण म्हणाली, कापला असेल त्याचा भाग, असं करतात हे लोक. आई म्हणाली, गोष्ट त्याच्यावर संपते, शेवटपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि शेवटाला पेटी उघडली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ह्याचे पेटीत दिसले. सगळं थिएटर नाकं ओढत असताना ही एकटी स्पष्ट आवाजात म्हणाली, 'हा माझा आहे.' मग घरी आली, जेवली, भांडी घासली. सिनेमा कसा होता विचारलं तर म्हणाली, छान होता.

पुढच्या फोनवर तिने जेवलास का विचारलं, पाय विचारले, थंडी विचारली आणि म्हणाली, 'बरं, ठेवते.' आम्ही 'पुढल्या वर्षी' म्हणायला तोंडं उघडून बसलो होतो, ती तशीच राहिली. कडकला वाटलं, विसरली असेल. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग हाच आडून आडून सुचवायला लागला. यंदा रजा मोकळी आहे म्हणतात, असं म्हणाला. ती म्हणाली, बघ तुझ्या सोयीने. विमानं हल्ली रिकामी जातात म्हणे, असं म्हणाला. ती म्हणाली, हो का. इतकी वर्षं जो प्रश्न त्याला चुकवायचा असायचा, तो येईनासा झाल्यावर माणूस सैरभैर झाला. रोलरमध्ये चादर विसरला, तिचा कोळसा झाला. एका सकाळी तो चुरगळलेलं बनियन घालून खाटेवरून उतरला, तेव्हा मात्र मी घाबरलो.

मी त्याला सरळ सांगितलं, आडून काय विचारतोस, तोंड उघडून विचार. तो म्हणाला, रागावली असेल तर? मी म्हटलं, राग असला तर काढता येईल, त्यात काय.

त्याने सुट्टीला विचारलं. सवयीने फोन स्पीकरवरच होता. हातात कपडा नव्हता.

'आई, हल्ली येतोस कधी असं विचारत नाहीस.'

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

'रागावले नाही रे,' ती म्हणाली. 'ती पेटी उघडली, मी पाय ओळखले, आणि पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. म्हटलं, आला बाई एकदाचा घरी.'

कडकने फोन जवळ ओढला.

'सिनेमाच होता, मला कळत होतं. पण आईला असं वाटावं का? माझी मलाच लाज वाटली. विचारत राहिले तर पुन्हा असलं काही मनात येईल, म्हणून विचारायचंच सोडलं.'

मी रडलो. सांगायला लाज नाही. आणि खोलीत ब्लीच नव्हतं. जे दिग्दर्शकाला एवढी यंत्रं आणून जमलं नाही, ते म्हातारीने भांडी घासता घासता केलं.

कडक 'ठेवतो आई' म्हणाला आणि तसाच, सुरकुतलेल्या कपड्यांत, मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने विचारलं, रजेचं कारण काय, लग्न, आजारपण, का मयत? हा म्हणाला, मयत. कुणाची? माझी, म्हणाला. मॅनेजर माणूस वाईट नाही, फक्त मॅनेजर आहे. त्याने सिनेमा पाहिला होता. मेलेल्या कामगाराला घरी पोचवायची जबाबदारी कंपनीचीच आहे, असं म्हणून त्याने एक महिन्याची रजा दिली. आम्ही सगळ्यांनी मिळून कडकची बॅग भरली, आणि ती वाईट भरली म्हणून त्याने उपसून पुन्हा भरली.

बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला. आईने दार उघडलं म्हणे, तोंडाकडे बघितलंच नाही. आधी म्हणाली, बूट काढ. मोजाही काढायला लावला. बोट जागेवर आहे हे बघितलं आणि मगच आत घेतलं. पहिल्या दुपारी हा प्रवासाचा शिणलेला, खाटेवर चादर डोक्यावरून ओढून झोपला. पाय नेहमीसारखे बाहेर. आई आतून आली आणि तिने चादर खसकन ओढून काढली. 'पाय पोटाशी घेऊन झोप,' म्हणाली, 'आणि तोंड उघडं ठेव.' आता ह्या वयात हा घोडा मुटकुळं करून झोपतो, आणि सकाळी गुडघे धरून उठतो. त्याला कुठे ठेवायचं हे घरच्यांना सुचलं का, असं मी विचारलं. म्हणाला, नाही, सारखा मधेच येतो सगळ्यांच्या, भाऊ दोनदा अडखळून पडला. हे सांगताना तो इतका खूश होता की मला त्याचा रागच आला.

तो महिना कधीच उलटला. रोलरही माझ्याकडे, धुलाईचं मशीनही माझ्याकडे. मॅनेजर येता-जाता विचारतो, तुमचा माणूस येतोय कधी? कडकच्या आईनेही त्याला तेच विचारलं म्हणे, उलट्या बाजूने. भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, 'बरं, परत जातोस कधी?'

ह्याची जीभ गेली सवयीच्या वाटेने. म्हणाला, 'पुढल्या वर्षी.'

म्हातारी पूर्वीसारखी हसली.

'म्हणजे काही जात नाहीस तू,' म्हणाली.