पाचव्या पानावरचा सांगाडा

मला आयुष्यात एकच वस्तू स्वतःहून सुचली आणि तिचं मी चित्र करून टाकलं. ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, चित्र झकास आहे. असेल. मला त्या चित्राचा आजही राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

तामसीकडच्या आमच्या गावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली मी पहिलीच मुलगी. त्यानंतर रोज बसने आदिलाबादला जाऊन एका क्लासमध्ये कॅड शिकले, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग जोडून मॉडेल करायला. मग दोन वर्षं घरी बसले. शेजारपाजारचे विचारायचे, ‘काय करून राह्यली सध्या?’ आणि मी ‘तयारी’ म्हणायचे. कसली, ते कोणी विचारत नसे, बरं होतं. तेवढ्यात नागपूरच्या एका शेती-अवजारं बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात निघाली. डिझाइनर हवे होते. येताना स्वतः केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ आणा, असं त्यात म्हटलं होतं.

माझे बाबा तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला क्लार्क. त्यांनी त्याच कचेरीत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटरच्या खुर्चीसाठी माझ्याकरता शब्द टाकून ठेवला होता. नागपूरची मुलाखत शुक्रवारी होती आणि त्या खुर्चीला हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. म्हणजे शुक्रवार साधला तर डिझाइनर, नाहीतर जन्मभर लोकांच्या अर्जांवरची नावं टाइप करत बसायचं. त्या खुर्चीला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. पण मला ती नको होती. अगदी मनापासून नको होती.

पोर्टफोलिओत पाच मॉडेलं ठेवायचं ठरवलं. चार क्लासमधली, म्हणजे गिअरबॉक्स, लोखंड पकडायचा शिकंजा वगैरे, जी आमच्या बॅचच्या प्रत्येकाकडे तशीच होती. पाचवं माझं.

कापूस वेचताना बाया कमरेला फडकं बांधून पुढे झोळी करतात. झोळी भरत जाते तशी ती कंबर पुढे ओढते. आईने लग्नाआधी आणि नंतरही दुसऱ्यांच्या शेतात वेचणी केली, आता आमच्या दोन एकरांत करते. हिवाळा संपला की तिला सरळ उभं राहायला खाटेचा आधार लागतो. ‘कंबर म्हंजे जशी कोनाची उसनी आनली,’ असं म्हणून ती हसते. मी तिच्यासाठी पाइपचा एक सांगाडा काढला होता. खांद्यावरून दोन पट्टे, मागे कमान, आणि झोळीचं वजन कमरेऐवजी खांद्यांवर आणि कुल्ल्यांच्या हाडांवर. अंगणात आईला उभं करून शिंप्याच्या टेपने तिची मापं घेतली, तेव्हा ती म्हणाली, ‘ब्लाउज शिवून राह्यली का काय?’

पाइप पंचवीस मिलिमीटर जाड आणि त्याची भिंत, म्हणजे पत्र्याची जाडी, दोन मिलिमीटरची. सॉफ्टवेअरमध्ये बारा किलो वजन टांगून पाहिलं तर सगळा सांगाडा हिरवा राहिला, म्हणजे कुठेही ताण जास्त नाही. त्या दिवशी मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण स्क्रीनवरचं कॅड मॉडेल दिसायला भिकार असतं. राखाडी, सपाट, न रंगवलेल्या खेळण्यासारखं. इंटरनेटवर दुसऱ्यांचे पोर्टफोलिओ पाहिले आणि हातपाय गार पडले. काय ते धातूचे चमकारे, काय ती खालची मऊ सावली! याला रेंडर करणं म्हणतात. कॉम्प्युटर प्रत्येक कोपऱ्यावर उजेड कसा पडेल ते मोजतो आणि खऱ्या वस्तूचा फोटो वाटावा असं चित्र काढतो. माझा लॅपटॉप सेकंडहँड. रेंडरचं बटण दाबलं की तो पंख्यासारखा घोंघावायचा आणि थोड्या वेळाने बंद पडायचा. तासाभराने हाती यायचं ते सगळीकडे तांदळाची कणी सांडल्यासारखं दाणेदार चित्र.

तेव्हा मला आदिलाबादचा एक फोटो स्टुडिओवाला आठवला. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करायचा, त्यामुळे त्याच्याकडे भारी ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर होता. आषाढात लग्नं नसतात, तो रिकामाच बसला होता. हिंदी बोलणारा, गोड माणूस. सलग चार दिवस सकाळी पहिल्या बसने जाऊन मी त्याच्या दुकानात रेंडर लावत असे.

चित्र हळूहळू उमटत जायचं आणि तो माझ्या मागे उभा राहून पाहायचा. गिअरबॉक्सला त्याने वाहवा दिली. सांगाड्याशी आला आणि मान वाकडी केली.

‘मॅडम, ये पाइप मोटा लग रहा है. थोडा स्लिम करो ना. उठके दिखेगा.’

हा माणूस वर्षानुवर्षं नवऱ्या मुलींचे दंड आणि कमरा माउसने बारीक करत आला होता. जे जाड ते बारीक करायचं, हा त्याचा धंदा. मी हसले. पण नंतर मीही पाहिलं तर खरंच सांगाडा धटिंगण दिसत होता, पाणीपुरवठ्याच्या नळासारखा. मी पाइप वीसचा केला. बरा दिसला. सोळाचा केला. भिंत एकची केली, कारण उघड्या टोकाशी बारीक कड छान चमकत होती. कमानीला जिथे जोड होता तिथली आधाराची पट्टी काढून टाकली, कारण तिची सावली घाण पडत होती. रंग घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा दिला. आणि मग जे चित्र आलं ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी केलंय?

वजनाची चाचणी मी पुन्हा लावली नाही. लाल दिसणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच लावली नाही. हे चित्रापुरतं आहे, नंतर परत जाड करू, असं स्वतःला सांगितलं. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी त्याच फाइलवर सेव्ह करत गेले.

स्टुडिओवाल्याने अल्बमच्याच जाड चकचकीत कागदावर पाच पानं छापून दिली. कडेला गुलाबाची वेल टाकतो म्हणाला, ती मी टाकू दिली नाही. आपल्याला किती समज आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी मी मुलाखतीचा ड्रेस इस्त्री करून आणायला गेले. परत आले तर बाबा ओसरीवर फॅनखाली पाचही पानं पसरून बसलेले आणि एकेका पानावर फुंकर घालत होते. प्रत्येक पानावर गोल शिक्का, त्याखाली हिरव्या शाईत सही आणि वर इंग्रजीत ठसा, ‘ट्रू कॉपी’. ओळखीच्या एका गॅझेटेड साहेबांकडे जाऊन त्यांनी माझी रेंडर अटेस्ट करून आणली होती! चकचकीत कागदावर शाई वाळत नव्हती, म्हणून फॅन आणि फुंकर. पाचव्या पानावर शिक्का नेमका सांगाड्याच्या कमानीवर बसला होता.

मी ओरडले. वडिलांवर इतकं मी कधीच ओरडले नव्हते. ‘बाबा, हे काय केलं तुमी? हे मार्कशीट हाय का?’

ते गोंधळून गेले. ‘काऊन? बिनशिक्क्याचा कागद कोन मानते? उद्या म्हनले, हे तुहं नाईच, तर?’

माझे आजोबा दुसऱ्याच्या वाड्यावर सालगडी होते. त्यांच्या मुलाला कचेरीची नोकरी मिळाली ती कागदाच्या जोरावर. जातीचा दाखला, दहावीची टीसी, रहिवासी, सगळ्यांच्या अटेस्टेड नकला. आमच्या घरात बुद्धाच्या फोटोखालच्या लोखंडी पेटीत त्या अजून आहेत, प्लास्टिकमध्ये घातलेल्या. बाबांनी आयुष्यभर रेकॉर्ड रूममध्ये हेच पाहिलं, की शिक्का असलेला माणूस वाचतो आणि नसलेला हेलपाटे घालतो. त्यांच्याकडे जे सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांनी माझ्या कामावर उमटवून आणलं होतं. हे सगळं मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी दार आपटून आत गेले. सकाळची बस साडेपाचची होती, पुन्हा छापून आणायला वेळच नव्हता.

नागपूरला बाबा सोबत आले आणि कंपनीच्या गेटपाशी वॉचमनच्या बाकड्यावर बसून राहिले. आत एकच माणूस मुलाखती घेत होता. पन्नाशीचा, शर्टाच्या बाहीला ऑइलचा डाग, आवाज मऊ. त्याने पानं उलटली, शिक्के पाहिले आणि त्याच्या ओठांवर हसू आलं. कुचेष्टेचं नव्हतं ते.

‘ट्रू कॉपी,’ त्याने वाचलं. ‘कशाची हो?’

‘म्हणजे?’

‘मूळ वस्तू कुठे आहे? बनवली आहे?’

‘नाही सर. अजून नाही.’

मग तो पाचव्या पानावर थांबला. ‘हे क्लासचं नाही,’ तो म्हणाला. ‘हे कुणासाठी केलं?’

मी आईचं सांगितलं. झोळीचं, वेचणीचं, मापांचं. तो खुर्चीत पुढे सरकला. त्याची आईही वेचायला जायची म्हणाला. मला दिसत होतं की हा माणूस मला घेणार आहे. त्याने फाइल उघडायला सांगितली. मी लॅपटॉप उघडला. त्याने सांगाडा फिरवला, पाइपवर क्लिक केलं आणि आकडा वाचला.

‘सोळा, एकची भिंत? आणि जोडाला आधार नाही?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘झोळी भरली तर हे इथून वाकेल. बाईच्या पाठीत घुसेल. तुम्हाला कळलं नव्हतं?’

‘कळलं होतं.’

‘मग?’

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. ‘जाड चांगलं दिसत नव्हतं,’ मी म्हणाले.

त्याने सांगाडा पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाला, ‘आधीची फाइल असेल ना? जाड पाइपची? ती दाखवा, तिच्यावर बोलू.’

‘नाही सर. त्याच्यावरच सेव्ह केलं.’

त्याने लॅपटॉप हळूच मिटला आणि माझ्याकडे सरकवला. रागावला असता तर बरं झालं असतं. ‘वस्तू चांगली सुचली होती तुम्हाला,’ एवढंच म्हणाला. ‘सुचली होती’ म्हणाला. मग त्याने पुढच्या उमेदवाराचं नाव घेतलं.

गेटपर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. बाबा उठून उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली होती, साहेबासमोर घेतात तशी.

‘शिक्के पायले का त्यायनं?’

‘पायले.’

‘कोनतं आवडलं?’

‘पाचवं.’

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पुढचं एक वाक्य सांगायचं होतं, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. बसमध्ये सांगू म्हटलं. बसमध्ये ते खिडकीशी बसून सगळा रस्ता बोलत होते, की नागपूरला खोली कुठे पाहायची, कोणाच्या ओळखीचं कोण आहे. पैनगंगेचा पूल ओलांडला तरी मी सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. शनिवारी आईने विचारलं, तर मी ‘कळवतील’ म्हणाले. रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिले. सोमवारी सकाळी बाबा कचेरीत निघाले तेव्हा मनाशी पक्कं केलं, की दुपारनंतर कचेरीत जाऊन सांगायचं आणि ऑपरेटरच्या खुर्चीला निमूट हो म्हणायचं. रडायचं ते त्यानंतर रडू.

बाबा त्या दिवशी जेवायच्या सुटीतच घरी आले. चपला न काढता ओसरीवरूनच आईला हाक मारली.

‘त्या कंत्राटवाल्याले सांगून देल्लं आज. म्हनलं, माह्या पोरीची जागा देऊन टाका दुसऱ्या कोन्या गरजूले. तिचं नागपूरले झालं.’ आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘त्यानं लगेच दुसरीचं नाव लिवून घेतलं. बरं झालं. एका लेकराचं भलं होते.’

आई आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली आणि तिने माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

मी ती खाल्ली.