लिनक्सवाले मामा

छोटे लॅपटॉप नवेच निघाले होते, तेव्हा दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत हे मामा माझ्यासमोर बसायचे. नाव कधी विचारलं नाही. संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती आली, की ते ती आपल्या छोट्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून चालवून बघत.

"बैल घ्यायच्या आधी औताला धरून बघावा," म्हणत.

आवाज, मराठी अक्षरं, सगळं नीट चालायचं. मग स्क्रीन विचारायची, जुनं सगळं पुसून हे बसवू का? मामा दर वेळी नकोवर बोट दाबत.

एकदा मी कारण विचारलं.

"जुन्यात आमच्या आबांचा आवाज हाय. गेले ते."

"मग दुसरीकडं उतरवून घ्या की."

"घेतलाय चार ठिकाणी. पण आबा बोलले ते ह्या जुन्याच्याच म्होरं बसून," म्हणाले, आणि त्यांनी झाकण हलकेच मिटलं.